शिंदीचे झाड: काट्याची जखम, फळ आणि रस

मुलाचा गुडघा दोन महिन्यांपासून सुजलेला आहे. ताप नाही, एक्स-रेमध्ये काही दिसत नाही. गोळ्या चालू असल्या की सूज उतरते, बंद केल्या की पुन्हा येते. असे असेल तर डॉक्टरांना आठवणीने सांगा, की त्याआधी कधी गुडघ्यात शिंदीचा काटा गेला होता का. खरे तर हा प्रश्न आम्ही विचारायला हवा, पण गर्दीच्या ओपीडीत तो राहून जातो. घरच्यांनाही तो काटा आठवत नाही, कारण तेव्हा तो ‘निघाला’ होता.

शिंदी म्हणजे खजुराच्या कुळातले आपल्याकडचे रानटी झाड, शास्त्रीय नाव फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस. ओढ्याकाठी, बांधावर, पडीक रानात ते आपोआप उगवते. त्याच्या पानांची केरसुणी होते, खोडातून नीरा निघते आणि फळे मुले झाडाखाली वेचून खातात. पानाच्या देठाच्या तळाशी पात्यांचेच लांब, कडक काटे झालेले असतात. फळे पाडताना, पाने तोडताना किंवा झाडाखाली पडलेल्या फांदीवर गुडघा टेकला गेला तर काटा सरळ सांध्यात शिरू शकतो. टोक ठिसूळ असल्याने ते आत मोडते आणि बाहेरून मात्र काटा पूर्ण निघाल्यासारखा वाटतो.

काटा लागल्यावर लगेच काय करावे

जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. काट्याचे टोक बाहेर दिसत असेल तर स्वच्छ चिमट्याने, तो ज्या दिशेने शिरला त्याच दिशेने हळूच मागे ओढा. दिसत नसेल तर सेफ्टी पिनने टोकरत बसू नका. त्यामुळे तुकडा आणखी खोल जातो आणि जंतूही आत जातात. बिब्ब्याचा चटका किंवा रुईचा चीक लावण्याची पद्धत गावोगावी आहे. या दोन्हींनी कातडी भाजते, फोड येतात आणि मग आतली सूज काट्याची की औषधाची हे डॉक्टरांनाही कळत नाही. चिकाचा हात डोळ्याला लागला तर इजा आणखी मोठी. धनुर्वाताच्या लसींचा मूळ कोर्स झालेला असला तरी शेवटच्या डोसला पाच वर्षे उलटली असतील तर बूस्टर घ्या. कोर्स झालाच नसेल किंवा आठवत नसेल तर डॉक्टरांना तसे सांगा.

काही वेळा मात्र थांबायचे नाही. सांधा गरम, लाल आणि सुजलेला, सोबत ताप, आणि मूल पाय टेकायला तयार नाही: त्याच दिवशी रुग्णालय गाठा, सांध्यात पू झालेला असू शकतो. बोटात काटा गेल्यावर पूर्ण बोट सुजले, वाकलेलेच राहिले आणि सरळ करताना जीव जाऊ लागला, तर तीही तितकीच घाईची गोष्ट आहे. काटा डोळ्याला लागला असेल तर डोळा चोळू नका आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे थेंब आणू नका. झाडाच्या इजेनंतर बुब्बुळावर बुरशीची जखम होऊ शकते आणि स्टेरॉइडने ती भराभर वाढते.

महिन्यांनंतर येणारी सूज

पहिले दुखणे काही दिवसांत कमी होते. मग काही आठवडे, कधी काही महिने सगळे ठीक असते. आत राहिलेल्या तुकड्याविरुद्ध सांध्याचे अस्तर मात्र झुंजत असते, ते जाड होते आणि पाणी साठू लागते. रक्ताच्या तपासण्या बऱ्याचदा जवळपास सामान्य येतात. अशा सुजेला सांध्याचा क्षय किंवा लहान मुलांचा संधिवात समजले जाऊ शकते, आणि ती औषधे महिनोन्महिने चालतात.

साध्या एक्स-रेत काटा दिसत नाही, कारण तो लाकडासारखाच असतो. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल’ म्हणजे ‘काटा नाही’ असे धरू नका. सोनोग्राफीत, आणि शोधणाऱ्याला काय शोधायचे हे माहीत असेल तर, तुकडा बरेचदा सापडतो. एमआरआयने अस्तराची सूज कळते. उपाय शस्त्रक्रियेचा आहे: तुकडा काढणे आणि सुजलेले अस्तर साफ करणे, बऱ्याचदा दुर्बिणीतून. नुसत्या अँटिबायोटिक्सने किंवा वेदनाशामकांनी हे बरे होत नाही. काढलेला भाग जंतू, बुरशी आणि क्षय अशा तिन्ही तपासण्यांसाठी पाठवला जावा, असा आग्रह धरायला संकोचू नका. तुकडा आतच राहिला तर सूज पुन्हा येऊ शकते.

फळ आणि रस

पिकलेली शिंदीची फळे खायला हरकत नाही. गर पातळ, बी मोठी. कच्ची फळे तुरट लागतात. अगदी लहान मुलांना बी काढूनच द्या, ती घशात अडकू शकते.

नीरा गोड असते ती साखरेमुळेच. ‘नैसर्गिक आहे, मधुमेहाला चालते’ हे खरे नाही. जेवणातली साखर मोजता तशी तीही मोजा. उन्हात ठेवली की काही तासांत आंबते आणि तिची ताडी होते.

बांगलादेशात याच झाडाचा कच्चा रस हिवाळ्यात पितात. रात्री उघड्या मडक्यावर येणारी फळखाऊ वटवाघळे रस चाटतात, त्यात लघवी करतात, आणि त्यातून निपाह विषाणूची लागण झाल्याचे तिथे वारंवार सिद्ध झाले आहे. उकळून केलेल्या गुळाला हा धोका नाही. महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांमध्ये २०२० साली घेतलेल्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला निपाहविरुद्धची प्रतिपिंडे आढळली होती. याचा अर्थ तिथे माणसांना लागण झाली असा नाही. पण रात्रभर झाडावर उघड्या राहिलेल्या मडक्यातला रस तसाच पिऊ नका, आणि वटवाघळाने किंवा पक्ष्याने कुरतडलेले फळ धुऊनही खाऊ नका.