लेकरू कोणत्या शाळेत घालायचं? सयाम ते थायलंड

आजचा विषय ऐकायला अगदी घरगुती वाटेल. थायलंडमधली एखादी बाई दुसरं लग्न करते, नवरा परदेशी असतो, ती त्याच्या देशात जायला निघते. पहिल्या घरचं मूल सोबत न्यायचं असतं. मग प्रश्न येतो की तिकडे त्याला कोणत्या शाळेत घालायचं. आणि पाच-सात वर्षांनी सगळेच परत आले, तर इकडे कोणत्या शाळेत? यात इतिहासाचा काय संबंध, असं कुणी विचारेल. पण सयामने, म्हणजे आजच्या थायलंडने, हाच प्रश्न गेली दीडशे वर्षं सोडवला आहे. आधी राजवाड्यात, आणि आता खेड्यापाड्यांतल्या घरांत.

थाई भाषेत अशा मुलाला दोन शब्द आहेत. एक 'लूक लियंग', म्हणजे वाढवलेलं मूल. दुसरा 'लूक तिट', म्हणजे आईला चिकटून आलेलं मूल. पहिला शब्द सावत्र बापाच्या बाजूने बोलतो, दुसरा आईच्या. मुलाच्या बाजूने बोलणारा शब्द मात्र दोन्हींत नाही. आजच्या व्याख्यानात आपण त्याची बाजू शोधू.

सुरुवात राजवाड्यापासून करू. 1868 मध्ये चुलालोंगकोर्न गादीवर आला. हे नाव आपल्या कानाला परकं वाटतं, पण मूळ शब्द 'चूडालंकरण' आहे. 1871 मध्ये त्याने काही राजकुळातली मुलं सिंगापूरच्या रॅफल्स शाळेत पाठवली. पुढच्याच वर्षी बँकॉकच्या राजवाड्यात इंग्रजी शाळा निघाली आणि बहुतेक मुलांना परत बोलावून तिथे बसवलं. त्याच 1872 साली राजा हिंदुस्थानात फिरून गेला, आपल्या मुंबईतही येऊन गेला. इंग्रजांचं राज्य, त्यांची रेल्वे आणि कचेऱ्या त्याने डोळ्यांनी पाहिल्या. मुलांना इंग्रजी विद्या हवी, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. ती कुठे द्यायची आणि कशाच्या बदल्यात, एवढाच प्रश्न होता.

त्याचं उत्तर 1885 मध्ये मिळतं. त्या वर्षी राजाने आपली चार मुलं युरोपात शिकायला पाठवली आणि निघताना त्यांना एक लेखी उपदेश दिला. थायलंडमध्ये तो आजही वाचला जातो. त्याचा आशय आपल्या शब्दांत सांगतो. तुम्ही राजपुत्र आहात हे तिकडे मिरवू नका. तुमचा खर्च मी माझ्या खाजगीतून करतो आहे, सरकारी तिजोरीतून नाही. परक्या भाषा नीट शिका, पण थाई विसरू नका, कारण तिकडे शिकलेलं इकडच्या भाषेत सांगता आलं नाही तर त्याचा देशाला उपयोग नाही. आणि महिन्याला निदान एक पत्र घरी लिहा. इंग्रजीत लिहिता येऊ लागलं तरी सोबत थाई भाषांतर जोडा.

हे शेवटचं कलम पाहा. राजाला इंग्रजी समजत होतं, भाषांतराची गरज त्याला नव्हती. गरज मुलांना होती. महिन्यातून एकदा तरी मुलाने परक्या भाषेतला विचार आपल्या लिपीत उतरवावा, म्हणून ही अट होती. आमच्या मते परतीची वाट त्या कलमाने उघडी ठेवली.

ती उघडी राहिली, हेही दिसतं. त्या चौघांपैकी राजपुत्र रबी ऑक्सफर्डला कायदा शिकून आला, 1897 मध्ये त्याच्या पुढाकाराने कायद्याची शाळा निघाली, आणि थाई कायद्याचा जनक म्हणून त्याला आजही मान आहे. दुसरा, राजपुत्र कितियाकर, अर्थमंत्री झाला आणि त्याने पाली शब्दांचा कोश केला. त्याच 1897 मध्ये राजाच्या शिष्यवृत्तीची परीक्षा सामान्य घरांतल्या मुलांनाही खुली झाली. म्हणजे बाहेर जाऊन परत येणं हा फक्त राजघराण्याचा हक्क राहिला नाही.

आता इथे आपल्या अहमदनगरची एक मुलगी आठवते. अॅना लिओनोवेन्स. 1862 ते 1867 राजा मोंगकुटच्या मुलांना शिकवणारी बाई म्हणून तिचं नाव सिनेमा-नाटकांमुळे जगभर झालं. ती 1831 मध्ये नगरला जन्मली. वडील तिच्या जन्माआधीच गेले होते. आईने लष्करातल्या एका माणसाशी दुसरं लग्न केलं आणि अॅना सावत्र बापाच्या घरात वाढली. पुढे तिने आपला नगरचा जन्म लपवला आणि आपण वेल्समध्ये जन्मलो असं सांगत राहिली. खरी हकीकत संशोधकांनी विसाव्या शतकात बाहेर काढली. एखादं मूल मोठेपणी आपलं मूळ असं पुसून टाकतं, तेव्हा त्यामागे बरंच काही साचलेलं असतं.

तिचा मुलगा लुई पाच वर्षांचा असताना बँकॉकला आला. राजवाड्यातल्या मुलांत खेळला, थाई बोलायला शिकला. अकराव्या वर्षी आयर्लंडच्या शाळेत गेला. आणि 1880च्या दशकाच्या सुरुवातीला तो सयामला परतला, तेव्हा आईच्या वर्गात बसलेला चुलालोंगकोर्न राजा झालेला होता. त्याने लुईला घोडदळात अधिकारी नेमलं. पुढे लुईने सागवानाच्या व्यापारात नाव काढलं. तो सयामी नव्हता, पण परत आल्यावर तो तिथे बसू शकला, कारण लहानपणची भाषा आणि लहानपणची माणसं दोन्ही शिल्लक होती.

राजवाड्यातून आता खाली उतरू. ईशान्य थायलंडचा प्रदेश, नावच 'ईसान', आपला 'ईशान्य'मधला ईशान. कोरडवाहू भातशेती, घरात लाओशी जुळणारी बोली. 1921 मध्ये सयामने सात ते चौदा वयाच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि त्या शाळेची भाषा होती बँकॉककडची प्रमाण थाई. म्हणजे ईसानच्या मुलाला गावातल्या शाळेत पाऊल टाकतानाच एक छोटं परदेशगमन करावं लागलं.

1960च्या दशकात व्हिएतनाम युद्धासाठी अमेरिकेचे विमानतळ उदोन, उबोन, कोरात, नाखोन फनोम इथे उभे राहिले, ते 1976 पर्यंत होते. गोऱ्या माणसाशी लग्न ही गोष्ट त्या काळात ईसानच्या गावांना ओळखीची झाली. पुढे पर्यटन वाढलं, आणि जर्मनी, स्वीडन, इंग्लंड, नॉर्वे अशी नावं गावागावांत पोहोचली. बाई आधी एकटी जाते. मूल आजीकडे राहतं. कागदपत्रं झाली, घर लागलं, की मुलाला बोलावणं येतं. तोवर ते आठ-दहा-बारा वर्षांचं झालेलं असतं. राजपुत्राचा परतीचा दिवस ठरलेला असे, या मुलाचा नसतो. कधी परत यायचं, येऊच का, हे कुणालाच माहीत नसतं, आणि शाळा मात्र आजच निवडायची असते.

एक मुलगा समजा. दहा वर्षांचा, उदोन थानीजवळच्या खेड्यातला, प्रथोम चारमध्ये शिकणारा. प्रथोम म्हणजे आपलं 'प्रथम', त्यापुढची मत्थयोम म्हणजे 'मध्यम', आणि विद्यापीठीय शिक्षणाला तिकडे 'उदोम', म्हणजे 'उत्तम', म्हणतात. शिक्षकाला 'ख्रू', आपला गुरू. हा मुलगा आजीशी ईसानी बोलतो, शाळेत थाई, आणि सावत्र वडिलांशी खुणांनी.

तो बव्हेरियात गेला, तर तिथे चौथीनंतर मुलांची वेगवेगळ्या शाळांत विभागणी होते. एक वाट विद्यापीठाकडे, दुसरी कारागिरीकडे. जर्मन न येणारा दहा वर्षांचा मुलगा नेमका त्या फाट्यावर येऊन उभा राहतो. त्याची बुद्धी तपासली जात नाही, त्याची जर्मन तपासली जाते. स्वीडनमध्ये हा फाटा इतक्या लवकर येत नाही, शिवाय 1977 पासून मुलाला घरची भाषा शाळेत शिकवण्याची व्यवस्था आहे. पण नगरपालिकेत त्या भाषेची निदान पाच मुलं हवीत आणि शिक्षक मिळायला हवा. आता पाहा, त्याची घरची भाषा ईसानी, शिकवणार प्रमाण थाई. तरी तो तास सोडू नये असं आम्ही म्हणतो. लंडनला विंबल्डनचं बुद्धपदीप विहार आहे, तिथे रविवारी मुलांना थाई शिकवतात. पुष्कळ आयांना वाटतं, आमचं मूल घरात थाई बोलतं की, मग तास कशाला? इथेच गफलत होते.

थाई लिपी पल्लव लिपीतून ख्मेर लिपीमार्गे आली. व्यंजनं 44, सूर पाच, आणि शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. संस्कृत-पालीतून आलेल्या शब्दांची मूळ अक्षरं लिहिली जातात पण उच्चारली जात नाहीत. म्हणजे बोलता येणं आणि वाचता येणं यांत मोठं अंतर आहे. दहाव्या वर्षी गेलेला आणि पंधराव्या वर्षी परतलेला मुलगा बाजारात फर्डं बोलेल, पण मत्थयोमच्या इतिहासाचं पान त्याच्यापुढे ठेवलं तर अडखळेल. वर्गातली मुलं हसतील. घरचाच, आणि अडाणी. परदेशी मुलाला तिथे माफी असते, याला नसते.

आणि परत येणं घडतंच. सावत्र वडील निवृत्त होतात आणि बायकोच्या गावात घर बांधतात. किंवा घटस्फोट होतो. किंवा आजी अंथरुणाला खिळते. अशा वेळी पुढे तीन दारं असतात. सरकारी शाळा मोफत आहे, 2002च्या कायद्याने नऊ वर्षांचं शिक्षण सक्तीचंही आहे, पण सगळं थाईत. आंतरराष्ट्रीय शाळा इंग्रजीत आहे. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला नियम सैल झाले आणि थाई मुलांना ती खुली झाली. तिथेही थाई नागरिकाला थाई भाषा घ्यावी लागते, आणि फी खेड्यातल्या घराच्या आवाक्यातली नसते. शिवाय जर्मन किंवा स्वीडिश शाळेतून आलेल्याला तिथलं इंग्रजीही सोपं नसतं. तिसरं दार काही सरकारी आणि खाजगी शाळांतल्या 'इंग्लिश प्रोग्राम'चं, अर्धं हे अर्धं ते. हे दार मोठ्या गावांत सापडतं, खेड्यात नाही.

मुलगा असेल तर आणखी एक गोष्ट. थाई पुरुषाला एकविसाव्या वर्षी लष्करभरतीच्या चिठ्ठीला सामोरं जावं लागतं. लाल चिठ्ठी आली की भरती, काळी आली की सुटका. मत्थयोमच्या वरच्या वर्गांत तीन वर्षं विद्यार्थी-प्रशिक्षण, साधारण आपल्या एनसीसीसारखं, पुरं केलं की चिठ्ठी टळते. परदेशात त्या इयत्ता काढलेल्या मुलाच्या हातून ती संधी गेलेली असते. आईला हे कुणी आधी सांगत नाही.

मग करावं काय? इतिहासातून आम्हाला तीन गोष्टी दिसतात. पहिली, निघण्याआधी कागद. थाई शाळेचा गुणांचा दाखला, आणि अम्फो, म्हणजे तालुका कचेरीतून, मुलाचा ताबा आईकडे असल्याचा कागद. गावात पुष्कळ लग्नं नोंदवलेली नसतात, तेव्हा कायद्याने मूल आईचंच, पण ते दाखवायला कागद लागतो. पुढे इयत्ता जुळवताना तिकडच्या शाळेचे दाखलेही लागतात. दुसरी, चौदा-पंधराच्या पुढे मूल न्यायचं किंवा आणायचं असेल तर शाळेचा टप्पा संपू द्यावा. मध्येच उपटलेल्या रोपाने दोनदा मूळ धरणं अवघड असतं. तिसरी आणि मुख्य, लिपी. रोज अर्धा तास थाई वाचन, महिन्याला आजीला एक पत्र, हातानं लिहिलेलं. फोनवर चेहरा दिसतो, पण त्याने वाचायला येत नाही.

आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, म्हणून एवढं म्हणायचा अधिकार घेतो. निर्णय आई घेते, पैसे सावत्र वडील देतात, कागद सरकार देतं. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं आहे, त्याला मात्र बहुतेक वेळा विमानात बसल्यावर कळतं. माणसाकडे साधन म्हणून पाहू नये, हे आम्ही वर्गात चाळीस वर्षं सांगितलं. दहा वर्षांच्या मुलाला निर्णय घेता येणार नाही, हे खरं. पण त्याला विचारता येतं. तुला कुणाशी बोलत राहायचं आहे, तुला कुठे परत यायचं आहे, एवढं विचारलं तरी शाळा निवडताना आईबापांचा हात जरा थांबेल.

चुलालोंगकोर्नकडे सत्ता होती, पैसा होता, मुलांना विलायतेतल्या उत्तम शाळा मिळत होत्या. तरीही त्याने निघताना सांगितलं ते शाळेचं नाव नव्हे, तर पत्राची अट. खेड्यातल्या आईला राजासारखी शाळा निवडता येणार नाही. ती अट मात्र तिलाही घालता येते. कागद आणि पेन्सिल लागते, आणि पलीकडे वाचणारी आजी.

इथे थांबतो. कुणाला प्रश्न असतील तर जरूर विचारा.