केंब्रिजमधील एक व्याख्यानमाला

विद्यापीठांतील व्याख्यानांचें आयुष्य बहुधा परीक्षेपुरतेंच असतें. परीक्षा संपली कीं वह्या माळ्यावर जातात आणि पुढें त्यांस कसर लागते. परंतु १९३५ सालच्या वसंतांत केंब्रिज येथें मॅक्स न्यूमन या गणितज्ञानें गणिताच्या मूलतत्त्वांवर जीं व्याख्यानें दिलीं, त्यांचें फळ आज घरोघर, किंबहुना प्रत्येकाच्या खिशांत, येऊन बसलें आहे. संगणनाच्या गणिती पायाचा कोणताहि प्राथमिक अभ्यासक्रम आज ज्या कल्पनेपाशीं येऊन थांबतो, तिचा उगम शोधूं गेल्यास आपण याच वर्गाच्या दाराशीं पोहोंचतों.

थोडें मागें गेलें पाहिजे. गॉटिंगेनचा डेव्हिड हिल्बर्ट हा त्या पिढीच्या गणितज्ञांचा कुलगुरूच म्हणावयाचा. गणिताची सारी इमारत मोजक्या गृहीतांवर व अनुमानाच्या ठराविक नियमांवर उभारावी आणि तींत फट नाहीं हें एकदां कायमचें दाखवून द्यावें, ही त्याची आकांक्षा. या रचनेंत परस्परविरोधी विधानें कधींच सिद्ध होणार नाहींत ना? प्रत्येक विधानाचा होकारार्थी किंवा नकारार्थी निकाल लागेलच ना? आणि कोणतेंहि विधान पुढें ठेवलें असतां तें सिद्ध होण्याजोगें आहे कीं नाहीं हें ठरविण्याची निश्चित रीति आहे काय? ८ सप्टेंबर १९३० रोजीं कोनिग्सबर्ग या आपल्या जन्मगांवीं भाषण करतांना, न सुटणारा असा प्रश्नच गणितांत नाहीं, असें त्यानें मोठ्या आत्मविश्वासानें सांगितलें. गंमत अशी कीं, आदल्याच दिवशीं त्याच शहरांतील एका परिषदेंत कुर्ट गोडेल या चोवीस वर्षांच्या तरुणानें या आकांक्षेच्या मुळावर घाव घातला होता. अंकगणित सामावणारी रचना विसंगतिमुक्त असेल, तर तींत ज्याचा निकाल तिच्या नियमांनीं लागत नाहीं असें विधान असावयाचेंच, असें त्याचें म्हणणें १९३१ मध्यें निबंधरूपानें प्रसिद्ध झालें. तिसरा प्रश्न मात्र उरला.

न्यूमन विद्यार्थ्यांस गोडेलपर्यंत घेऊन गेला आणि तेथें हा उरलेला प्रश्न त्यानें मोकळाच सोडला. अशी रीति म्हणजे एक यांत्रिक प्रक्रिया, असें तो समजावून सांगत असे. हा शब्द पुष्कळांनीं ऐकला असेल. एकानें तो अक्षरशः खरा मानला.

त्याचें नांव ॲलन ट्यूरिंग. बाप मद्रास इलाख्यांत सनदी नोकर, आई त्याच इलाख्यांतील पोदनूरची जन्मलेली. मुलगा मात्र इंग्लंडांत परक्यांच्या घरीं वाढला. बाविसाव्या वर्षीं, मार्च १९३५ मध्यें, तो किंग्ज कॉलेजचा फेलो झाला. ज्या प्रबंधावर हा मान मिळाला त्यांतील मुख्य सिद्धांत लिंडेबर्ग यानें १९२२ सालींच मांडलेला होता व ट्यूरिंगला त्याची वार्ताहि नव्हती. हा योग पुढें पुन्हां यावयाचा होता.

ग्रँचेस्टरच्या कुरणांत पडून विचार करतां करतां त्याला वाट सांपडली. त्या काळीं इंग्रजींत ‘कंप्यूटर’ म्हणजे हिशेब करणारा माणूस. हा गणक काय करतो? चौकटीच्या कागदावरील एक चिन्ह पाहतो, मनांत कांहीं अवस्था धरून ठेवतो, चिन्ह बदलतो, पुढच्या घराकडे सरकतो. ट्यूरिंगनें कागदाची लांबच लांब पट्टी केली आणि माणसाच्या जागीं नियमांचा एक तक्ता बसविला. झालें यंत्र! शिवाय कोणत्याहि यंत्राचा तक्ता पट्टीवर लिहून दिला कीं त्याचें काम करणारें एक सर्वसमर्थ यंत्रहि रचतां येतें, हें त्यानें दाखविलें.

आतां समजा, एखादें यंत्र अंक अखंड लिहीत राहील कीं अडकून पडेल हें त्याच्या वर्णनावरून सांगणारा एक परीक्षक मिळाला. यंत्राचें वर्णन संख्येंत मांडतां येतें. तेव्हां असें एक यंत्र रचूं, कीं जें सर्व संख्या क्रमानें परीक्षकापुढें ठेवील, आणि उत्तीर्ण झालेल्या पहिल्या यंत्राचा पहिला अंक, दुसऱ्याचा दुसरा, असे लिहीत जाईल. एके दिवशीं त्याच्या हातीं स्वतःचीच संख्या येणार. परीक्षकानें त्यास अनुत्तीर्ण म्हटलें, तर तें सुखानें पुढें लिहीत राहील. उत्तीर्ण म्हटलें, तर त्यास स्वतःचाच अमुकावा अंक काढावा लागेल. त्यासाठीं सारें काम मुळापासून करीत तें पुन्हां त्याच जागीं येईल, आणि हा फेरा संपणार नाहीं. दोन्हीकडून परीक्षक खोटा. यंत्रांची ही परीक्षा अशक्य ठरल्यावर तेथून हिल्बर्टच्या रीतीचीहि अशक्यता सिद्ध करणें ट्यूरिंगला कठीण गेलें नाहीं.

एप्रिल १९३६ मध्यें निबंधाचें हस्तलिखित न्यूमनच्या हातीं पडलें. थोड्याच दिवसांत प्रिन्स्टनच्या अलोन्झो चर्चचा निबंध आला. निष्कर्ष तोच! दुसऱ्यांदा दुसरा कोणीतरी पुढें निघून गेला होता. येथें न्यूमननें जें केलें त्याचें मोल आम्हांस त्याच्या व्याख्यानांहून कमी वाटत नाहीं. निष्कर्ष एक असला तरी मार्ग सर्वस्वी वेगळा आहे, हें ओळखून त्यानें निबंधाच्या प्रकाशनाचा आग्रह धरला. आणि ३१ मे रोजीं खुद्द चर्चलाच पत्र लिहून, या तरुणानें सारें एकट्यानें केलें आहे, तो कायमचा एकलकोंडा होऊं नये म्हणून त्यास तुमच्या सहवासाची गरज आहे, असें कळविलें. ट्यूरिंग सप्टेंबरांत प्रिन्स्टनला गेला. दोघांच्या व्याख्या तुल्य आहेत हें दाखविणारी पुरवणी त्यानें निबंधास जोडली, आणि ‘ट्यूरिंगचें यंत्र’ हें नांव १९३७ मध्यें रूढ केलें तें चर्चनेंच. प्रतिस्पर्ध्याकडून असा न्याय मिळाल्याचीं उदाहरणें विद्वानांच्या इतिहासांत थोडींच.

पुढें युद्धकाळीं गुरुशिष्य दोघेहि ब्लेचली पार्क येथें शत्रूचीं गूढलेखनें उकलण्याच्या कामीं होते. युद्धानंतर न्यूमननें मँचेस्टरला संगणक-प्रयोगशाळा उभारली. तेथील विद्यापीठांत २१ जून १९४८ रोजीं, स्वतःच्या स्मृतींत आज्ञावली सांठविणारें पहिलें विद्युत्-यंत्र चाललें, आणि त्याच वर्षीं ट्यूरिंगहि तेथें आला. १९५२ मध्यें समलिंगी संबंधांबद्दल त्याच्यावर खटला होऊन त्यास शिक्षा झाली. ७ जून १९५४ रोजीं तो मरण पावला. रॉयल सोसायटीसाठीं १९५५ मध्यें त्याचें चरित्र लिहिण्याचें काम पंधरा वर्षांनीं वडील असलेल्या न्यूमनकडे आलें.