मुलांना लांबचं धूसर का दिसतं? डोळ्याच्या पडद्यातील पेशी आणि मायनस नंबर

फळ्यावरचं दिसत नाही म्हणून पोरं पुढच्या बाकावर सरकतात, टीव्ही अगदी जवळून बघतात. याला निकटदृष्टिता म्हणतात. बोलीत आपण 'मायनसचा नंबर' म्हणतो.

नेमकं काय होतं?
मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर असतो. वाढीच्या वयात तो गरजेपेक्षा लांब झाला, की लांबच्या वस्तूचं चित्र पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडेच पडतं. लांबी फक्त १ मिलिमीटरने जास्त झाली तरी अडीच-तीनचा नंबर लागतो.

पडद्यातील पेशी
दंडाकार पेशी ९ ते १२ कोटी असतात. अंधुक उजेडात त्या कामाला येतात. शंक्वाकार पेशी साधारण ६० लाख. रंग आणि बारीक अक्षर त्यांच्यामुळे दिसतं. तिसऱ्या प्रकारच्या पेशींत मेलानोप्सिन नावाचं द्रव्य असतं. दिवस की रात्र, हे त्या मेंदूला कळवतात.

भरपूर उजेड मिळाला की पडद्यात डोपामिन हे रसायन तयार होतं. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने डोळ्याची जादा वाढ रोखल्याचं दिसलं. माणसातही असंच घडत असावं, असं शास्त्रज्ञ मानतात. मात्र कोणती पेशी किती काम करते, यावर संशोधन सुरू आहे.

घरातला आणि बाहेरचा उजेड
घरात दिव्याखाली १०० ते ५०० लक्स उजेड असतो. बाहेर दिवसा झाडाच्या सावलीतही काही हजार लक्स मिळतो. म्हणजे पोरांना कडक उन्हातच उभं करायची गरज नाही. सूर्याकडे तर थेट बघूच नये.

चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जादा बाहेर ठेवलं. ३ वर्षांनी त्यांच्यात नंबर लागण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्के होतं, इतर मुलांत सुमारे ४० टक्के. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तैवानमध्ये शाळकरी मुलांनी रोज २ तास बाहेर राहावं यासाठी २०१० पासून मोहीम आहे.

पालकांनी काय करावं?
- रोज दीड-दोन तास पोरांना बाहेर खेळू द्यावं.
- मोबाईल, पुस्तक डोळ्यापासून हातभर लांब ठेवावं. अधूनमधून लांब बघायला सांगावं.
- एकेक डोळा झाकून लांबची पाटी वाचायला लावावी. अडखळलं तर डोळे तपासून घ्यावेत.
- राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं की त्या दिवशी पोराला घरी ठेवू नये. या तपासणीत नजरही बघतात.

चष्म्याने नंबर वाढतो, हा गैरसमज आहे. लागलेला नंबर उन्हात खेळून जात नाही, त्याला चष्माच लागतो. नंबर फार वाढला तर पुढे पडदा सुटण्याचा धोका असतो, म्हणून लहानपणीच लक्ष द्यावं.