दोन चाकांचा न्याय

बैलगाडीचीं दोन्ही चाकें आखावर सुटीं फिरतात. वळणावर बाहेरचें चाक अधिक चालतें, आंतलें कमी चालतें, आणि दोघांमध्यें कांहीं तंटा होत नाहीं. कारण ओढण्याचें काम बैलांचें, चाकांनीं केवळ मागून यावयाचें. मोटारीची गोष्ट निराळी आहे. तेथें एंजिनाची शक्ति चाकांच्याच द्वारें रस्त्यावर उतरते. दोन्ही चाकें एकाच आखाला घट्ट जोडलीं, तर वळणावर एकाला फरफटत जावें लागतें. दोन चाकांमध्यें दीड मीटर अंतर असलें, तर एका पूर्ण वेढ्यांत बाहेरच्या चाकाला सुमारें ९.४ मीटर अधिक चालावें लागतें. मग वेढा लहान असो कीं मोठा.

हा पेंच फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर या यंत्रज्ञानें १८२७ सालीं आपल्या वाफेच्या गाडीसाठीं सोडविला. त्यानें आखाचे दोन तुकडे करून मध्यें दंतचक्रांची अशी जुळणी बसविली कीं, शक्ति दोन्ही चाकांना मिळावी, आणि तरीही प्रत्येकाला आपापल्या गतीनें फिरतां यावें. हेंच डिफरन्शियल होय. पुढें १८७७ सालीं इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें जेम्स स्टार्ले यानें तें तीन चाकी सायकलीला लावले. शेजारीं शेजारीं बसलेल्या दोन स्वारांपैकीं ज्याचे पाय बळकट, त्याच्या जोरानें गाडी भलतीकडेच वळे; ती अडचण या युक्तीनें दूर झाली. १८८६ सालीं कार्ल बेंझनें जिचें पेटंट घेतलें, त्या पहिल्या मोटारगाडींतही डिफरन्शियल होतेंच.

परंतु या न्यायी यंत्रांत एक उणीव होती. साधें डिफरन्शियल दोन्ही चाकांना नेहमीं सारखाच पीळ देतें. एक चाक चिखलांत सांपडलें, तर तें थोडक्या जोरानेंच गरगर फिरूं लागतें, आणि कोरड्या जमिनीवरील दुसऱ्या चाकालाही तेवढाच थोडका जोर मिळतो. एंजिन गर्जत राहतें, चिखल उडत राहतो, गाडी मात्र जागची हालत नाहीं. वांटणी अगदीं समान. पण ज्याला काम करतां येईल त्याच्याच हातीं कांहीं पडत नाहीं!

ही उणीव विशेष तीव्रतेनें जाणवली ती शर्यतीच्या मैदानावर. १९३४ सालीं यूरोपांतील ग्रां प्री शर्यतींसाठीं गाडीचें वजन ७५० किलोग्रॅमहून अधिक नसावें असा नियम झाला. जर्मनीच्या ऑटो युनियन कंपनीसाठीं फर्डिनंड पोर्शे यांनीं जी गाडी आंखली, तिचें सोळा सिलिंडरांचें एंजिन चालकाच्या पाठीमागें होतें. आरंभीं त्याची शक्ति सुमारें २९५ अश्वशक्ति होती. १९३६ पर्यंत ती ५२० च्या घरांत गेली. इतकी शक्ति, इतकें हलकें अंग, आणि त्या काळचे अरुंद टायर! वळणांतून बाहेर पडतांना आंतल्या बाजूचें चाक हलकें होऊन जागच्या जागीं फिरे, आणि सारी शक्ति धुरांत जाई.

पोर्शे यांनीं १९३५ सालीं हें काम झेड. एफ. या कारखान्याकडे सोंपविलें. १९१५ सालीं झेपेलिन विमाननौकांचीं दंतचक्रें करण्यासाठीं फ्रीडरिक्सहाफेन येथें हा कारखाना निघाला होता. तेथील यंत्रज्ञांनीं सरकत्या खुंट्यांची अशी रचना केली कीं, दोन चाकांच्या गतींत फार अंतर पडूं लागतांच आंतील घर्षण त्याला विरोध करी, आणि पीळ धरून असलेल्या चाकाकडे वळे. ज्या वर्षीं बेर्न्ड रोझेमायर यानें ऑटो युनियनच्या गाडींतून यूरोपचें अजिंक्यपद मिळविलें, तें वर्ष १९३६ होय.

महायुद्धानंतर ही विद्या सामान्य गाड्यांत उतरली. अमेरिकेंत पॅकार्ड कंपनीनें १९५६ सालीं असें डिफरन्शियल ग्राहकांना देऊं केलें. १९५८ सालीं व्हर्नन ग्लीझमन याला ज्या रचनेचें पेटंट मिळालें, ती पुढें टॉर्सन या नांवानें प्रसिद्ध झाली. तींत तबकड्या नाहींत, केवळ तिरप्या दंतचक्रांच्या परस्पर दाबानें काम होतें. मात्र एक चाक अगदींच अधांतरीं उचललें गेलें, तर तिचा इलाज चालत नाहीं. तबकड्यांच्या प्रकारांत एंजिनाचा जोर येतांच उतरत्या खांचांतून कड्या बाहेर ढकलल्या जातात व तबकड्या एकमेकींवर दाबल्या जातात. खांचांचा कोन बदलला कीं यंत्राचा स्वभाव बदलतो.

मग संगणकाचें युग आलें. फेरारीनें २००४ सालीं एफ ४३० या गाडींत इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल बसविलें. यांतही तबकड्याच आहेत. परंतु त्या दाबावयाच्या केव्हां आणि किती, हें संगणक ठरवितो. चाकांची गति, सुकाणूचा कोन, गाडीचें वळणें, हें सर्व तो क्षणोक्षणीं मोजतो. सरळ रस्त्यावर तो चाकें जखडतो, वळणावर सैल सोडतो, आणि गाडी घसरूं लागली तर ब्रेकांशीं संगनमत करून तिला सांवरतो. असें असतां कोणी हें शहाणें यंत्र काढून जुन्या पद्धतीचें लोखंडी यंत्र कां बसवावें?

याचें उत्तर टोयोटाच्या सुप्रा गाडीनें दिलें आहे. २०१९ सालीं रस्त्यावर आलेल्या सुप्राच्या मागील आखांत इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल होतें. परंतु तिच्याच शर्यतीसाठीं २०२० सालीं निघालेल्या जी. टी. ४ रूपांत यांत्रिक डिफरन्शियल घातलें गेलें. शर्यतीच्या चालकाला यंत्राची हुशारी नको असते. त्याचा नेम हवा असतो. प्रत्येक फेरींत, त्याच वळणावर, पाय तितकाच दाबला तर गाडीनें तसेंच वागावें, एवढीच त्याची अपेक्षा असते. संगणक परिस्थिति पाहून निर्णय बदलतो. लोखंडाच्या खांचेचा कोन बदलत नाहीं. शिवाय यांत्रिक रचनेला विजेच्या तारा, मोजणीचीं उपकरणें यांची गरज नाहीं.

हौशी लोकही आपल्या गाड्यांत हा बदल करून घेतात. काम वाटतें तितकें सोपें नाहीं. मोठें दंतचक्र जुन्या पेटीवरून काढून नव्या पेटीवर चढवावें लागतें, आणि लहान चक्राशीं त्याची जुळणी अगदीं नेमकी साधावी लागते. ती चुकली, तर दांते गुणगुणूं लागतात व अल्पकाळांत झिजतात. तबकड्यांच्या रचनेला तेलही विशेष लागतें. याहून मोठी गोष्ट अशी कीं, मूळ यंत्र गाडीला सांवरणाऱ्या व्यवस्थेचें एक अंग असतें. तें काढल्यावर संगणकाची नवी व्यवस्था लावली नाहीं, तर तो अस्तित्वांत नसलेल्या सेवकाला हुकूम सोडीत बसतो. आणि पावसांत निसरड्या वळणावर घट्ट यांत्रिक डिफरन्शियल दोन्ही मागील चाकें एकदम घसरवूं शकतें. तेव्हां गाडी सांवरावयाची ती चालकाच्या हातांनींच; आणि मुलाबाळांसह घरीं निघालेल्या गृहस्थाचे हात शर्यतीच्या चालकाचे नसतात.

म्हणून यांत जुनें चांगलें कीं नवें चांगलें, हा प्रश्न गौण आहे. मैदानावर यांत्रिक रचनेचा नेम उपयोगी पडतो; रस्त्यावर इलेक्ट्रॉनिक रचनेची सावधगिरी उपयोगी पडते. गाडी कोठें चालवावयाची आणि कोणी चालवावयाची, हें आधीं ठरवावें, आणि मगच हत्याराला हात घालावा.