तिथी पाहून निघावे : लाखनीहून कोकणच्या फेरीबोटी व जलदुर्ग

भंडारा हा तलावांचा जिल्हा. त्यामुळे लाखनीच्या माणसाला पाणी नवे नाही. मात्र तलावाचे पाणी काठ धरून राहते, तर समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. ग्रीसमधील पिरेयस बंदरातून फेरीबोटीने बेटामागून बेट पाहत जाणारी दाम्पत्ये आपल्याकडे चित्रपटांतून परिचित झाली आहेत. पासपोर्ट व व्हिसाशिवाय अशी सहल महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही करता येते. तिचे वेळापत्रक घड्याळाइतकेच पंचांगावर अवलंबून असते, हे विदर्भातून निघणाऱ्या पती-पत्नीने आधी ध्यानात घ्यावे.

मुंबईपर्यंत

लाखनीकरांना सोयीचे स्थानक म्हणजे वरठी येथील भंडारा रोड. तेथून मुंबई लोहमार्गाने सुमारे ९०० किलोमीटर आहे. गोंदियाहून येणारी विदर्भ एक्स्प्रेस रात्रभर प्रवास करून दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत पोहोचते. पुढील प्रवासासाठी मुंबईतच भाड्याची मोटार घेतल्यास ती फेरीबोटीवर चढवून सोबत नेता येते.

सागराची पहिली भेट

मुंबईतील भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. मोटारी व प्रवासी एकत्र वाहून नेणारे या सेवेचे पहिले जहाज ग्रीसमध्येच बांधलेले आहे. रस्त्याने शंभराहून अधिक किलोमीटरचा वळसा पडतो. समुद्रमार्गे हे अंतर सुमारे एका तासात संपते. पावसाळ्यात गेटवे ऑफ इंडिया ते मांडवा या मार्गावरील लहान प्रवासी बोटी बंद असतात.

मांडव्यापासून दक्षिणेकडे किनारा सलग नाही. नद्यांच्या मुखाशी आत शिरलेल्या खाड्यांनी तो ठिकठिकाणी तोडला आहे. आगरदांडा ते दिघी, बाणकोट खाडीवर बागमांडला ते वेश्वी, वाशिष्ठीच्या खाडीवर धोपावे ते दाभोळ आणि शास्त्रीच्या खाडीवर तवसाळ ते जयगड अशा फेऱ्या मोटारींसह माणसांना पलीकडे पोहोचवतात. दाभोळ-धोपावे सेवा २००३ साली सुरू झाली. स्थानिक लोक या फेरीबोटीला ‘जंगलजेट्टी’ म्हणतात. पाण्यावरचा वेळ जेमतेम काही मिनिटांचा असला, तरी मोटारीचा मोठा फेरा वाचतो.

चार जलदुर्ग

या वाटेवर चार बेटे मुक्कामानिशी पाहण्याजोगी आहेत. पहिले अलिबागजवळील खांदेरी. इंग्रज व सिद्दी यांच्या विरोधाला न जुमानता शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये येथे किल्ल्याचे काम सुरू केले. बेटावरील दीपगृह १८६७ चे आहे. थळच्या किनाऱ्यावरून येथे बोटीने जातात.

दुसरे मुरूडजवळचे जंजिरा. सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांना अखेरपर्यंत जिंकता आला नाही. राजपुरीहून शिडाच्या होड्या थेट महाद्वाराच्या पायऱ्यांशी लागतात. होडी लाटेवर वरखाली होत असता उतरावे लागते. अशा वेळी नावाड्याच्या सूचनेशिवाय जागचे उठू नये.

तिसरे हर्णैसमोरील सुवर्णदुर्ग. आंग्र्यांच्या आरमाराचे हे बलस्थान १७५५ मध्ये पेशवे व इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांकडून घेतले. चौथे मालवणचे सिंधुदुर्ग. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याची पायाभरणी झाली. चहूबाजूंनी खारे पाणी असूनही दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरींना गोडे पाणी आहे. येथील मंदिरात शिवाजी महाराजांची मूर्ती पूजिली जाते.

यांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग व सिंधुदुर्ग यांचा जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या १२ मराठा दुर्गांत समावेश आहे. परतीसाठी मालवणहून कुडाळ गाठावे व कोकण रेल्वेने मुंबईस यावे. मोटार असल्यास ती रस्त्याने परत नेता येते.

भरती-ओहोटीचे गणित

किनाऱ्यावरील जुना हिशेब सोपा आहे. तिथीच्या अंकास पाऊणने गुणले की भरतीची वेळ मिळते. पंचमीस पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. दुपारी व पहाटे त्या सुमारास पूर्ण भरती असते. सव्वासहा तासांनी ओहोटी येते. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजावे. हा हिशेब मुंबई-अलिबागकडे जुळतो. दक्षिणेस मालवणच्या बाजूला भरती काहीशी लवकर येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, म्हणजे पाणी खूप चढते आणि तितकेच उतरते. अष्टमीच्या सुमारास हा चढउतार कमी असतो. त्याला भांग म्हणतात.

अलिबागचा कुलाबा किल्ला हे याचे उत्तम उदाहरण. ओहोटीला तेथे पायी जाता येते, भरतीला तीच वाट पाण्याखाली जाते. परतण्याची वेळ किनाऱ्यावर विचारून मगच पाऊल टाकावे. मालवणची होडी वाहतूक साधारणतः मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला.

जॅकेट घातल्याशिवाय नको

या किनाऱ्याने मोठे आघात सोसले आहेत. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली व सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळून १५ जणांचा बळी गेला. त्यानंतर गेटवेहून सुटणाऱ्या बोटींत प्रवाशांना लाइफ जॅकेट सक्तीचे झाले. पहिल्या दुर्घटनेच्या वेळी भर पावसाळा होता, दुसरीच्या वेळी समुद्र शांत होता. म्हणूनच हवा निवळ असली तरी जॅकेट अंगावर चढवून बंद बांधावेत. छायाचित्रासाठी ते उतरवू नये. बोटीत गर्दी दिसली तर पुढच्या फेरीची वाट पाहावी. पोहता येणे हा जॅकेटला पर्याय नव्हे. तलावात पोहणाऱ्यालाही समुद्राचा ओढ अनोळखी असतो.

रेवस-रेडी सागरी महामार्गाच्या योजनेत यांतील अनेक खाड्यांवर पूल आहेत. ते झाल्यावर गावकऱ्यांचा खोळंबा टळेल आणि आजाऱ्याला वेळेत रुग्णालयात नेता येईल. तेच अधिक महत्त्वाचे आहे. मात्र पलीकडचा धक्का जवळ येताना कठड्याशी उभे राहून पाहण्याची संधी तेव्हा कमी होईल. ज्या दाम्पत्याला हा प्रवास करावयाचा आहे, त्याने दिनदर्शिकेतील येत्या हिवाळ्याच्या तिथी पाहून तिकिटे काढावीत.