नर्मदा परिक्रमेतील सामान

नर्मदा परिक्रमेतील सामान म्हणजे पायी परिक्रमा करणारा यात्रेकरू (परिक्रमावासी) पाठीवर वाहून नेतो ते अंथरूण-पांघरूण, कपडे, पूजेचे साहित्य व स्वयंपाकाची भांडी. नर्मदेची लांबी १,३१२ कि.मी. आहे. परिक्रमेत नदी उजव्या हाताला ठेवून, पात्र न ओलांडता दोन्ही तीरांनी चालावयाचे असल्याने एकूण अंतर २,६०० कि.मी.हून अधिक भरते. परंपरेने यासाठी ३ वर्षे, ३ महिने व १३ दिवसांचा काळ सांगितला आहे. हल्ली काही महिन्यांतही ती पूर्ण केली जाते.

सदावर्त आणि भांडी

सामानाचे स्वरूप मुख्यतः सदावर्ताच्या प्रथेवरून ठरते. तीरावरील अनेक आश्रमांत व गावांत परिक्रमावासीस तयार जेवण मिळते. काही ठिकाणी मात्र कणीक, डाळ, तांदूळ, मीठ, मिरची असा कोरडा शिधा दिला जातो. यालाच सदावर्त म्हणतात. त्यामुळे धान्य बाळगण्याची गरज फारशी नसते, पण ते शिजवण्यासाठी एखादे भांडे लागते. संग्रह न करण्याचा परिक्रमेचा नियम येथे पाठीच्याही सोयीचा ठरतो.

एकट्या व्यक्तीस झाकणासह एक पातेले, एक ताटली व चमचा पुरतो. झाकण खोलगट असल्यास वेगळी ताटलीही लागत नाही. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश असल्याने ते हलके पडते, मात्र आंबट पदार्थ त्यात शिजवू नयेत. तव्याची उणीव टिक्कड भरून काढते. ही जाड भाकरी गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर थेट भाजता येते. गिर्यारोहकांचे गॅसचे छोटे डबे तीरावरील खेड्यांत मिळणे कठीण असते; तीन दगडांची चूल अधिक भरवशाची. चुलीवर ठेवण्यापूर्वी भांड्याच्या बुडाला बाहेरून ओली माती फासतात. त्यामुळे काजळी सहज निघते व पिशवीतील कपडे काळे होत नाहीत.

निवारा व पांघरूण

मुक्काम बहुधा आश्रम, धर्मशाळा किंवा मंदिराच्या ओवरीत होत असल्याने तंबू हे सहसा अनावश्यक ओझे ठरते. जमिनीची ओल अडवणारा प्लास्टिकचा कागद, पातळ पथारी आणि मच्छरदाणी उपयोगी पडतात. चातुर्मासात चालणे थांबवण्याची प्रथा आहे, म्हणून पावसाळी सामानही मर्यादित राहते. थंडीत नदीकाठी रात्री दव पडते. त्यामुळे पांघरुणात काटकसर करणे मात्र धोक्याचे. कपड्यांचे दोन जोड पुरतात, कारण स्नानासाठी नदी जवळच असते. याखेरीज कमंडलूत किंवा बाटलीत नर्मदाजल जवळ ठेवून त्याची नित्य पूजा करतात. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो भरत असल्याने हे पात्र लहानच घेतात.

शूलपाणीची झाडी

दक्षिण तीरावरील या डोंगराळ भागात परिक्रमावासींना अंगावरच्या वस्त्रांसह लुटले जाण्याच्या हकिकती परिक्रमेवरील लेखनात आढळतात. मौल्यवान वस्तू न बाळगण्याच्या संकेतामागे हेही एक कारण असावे. सरदार सरोवरामुळे काठावरच्या जुन्या वाटा बुडाल्या असून आता चढउताराच्या मार्गाने जावे लागते. वस्त्या विरळ असल्याने येथे फुटाणे, गूळ आणि पुरेसे पाणी सोबत घेतात.

नदीच्या मुखाशी दक्षिण तीरावरून मिठी तलाईकडे होडीने जातात. होडीची वेळ भरती-ओहोटीवर अवलंबून असते. न शिजवता खाता येईल असे अन्न वर ठेवून बाकीचे सामान प्लास्टिकमध्ये बांधतात.