‘नाही’ या उत्तराचा इतिहास

मुक्त स्रोत प्रोग्रॅम ज्यांनी स्वतःच्या संगणकावर बांधून पाहिलाय, त्यांना पडद्यावर भराभर सरकणाऱ्या ओळी आठवत असतील. अमुक फंक्शन आहे का? आहे. तमुक हेडर आहे का? नाही. आज आपण या प्रश्नोत्तरांचा इतिहास पाहणार आहोत, विशेषतः त्यातल्या ‘नाही’चा.

१९८०च्या दशकात युनिक्स एकसंध राहिलं नव्हतं. बर्कलेचं वेगळं, एटी अँड टीचं सिस्टिम फाइव्ह वेगळं. मजकुरात अक्षर शोधण्याचं साधं फंक्शन घ्या: बर्कलेकडे त्याचं नाव ‘इंडेक्स’, सिस्टिम फाइव्हकडे ‘एसटीआरसीएचआर’. मग प्रोग्रॅम बांधणाऱ्यानं आपलं यंत्र ओळखून मेकफाइलमध्ये हातानं पर्याय निवडायचे. १९९१च्या जूनमध्ये ग्नू प्रकल्पाची साधनं सांभाळणारे डेव्हिड मॅकेन्झी याला कंटाळले, कारण असे पर्याय वीसच्या घरात गेले होते. त्यांनी हे पर्याय स्वतःच ताडणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. त्यातूनच पुढे ‘ऑटोकॉन्फ’ उभं राहिलं.

यामागची कल्पना फार सुंदर होती. यंत्राला नाव विचारायचं नाही, करून बघायचं. चार ओळींचा सी प्रोग्रॅम लिहायचा आणि कंपायलरला द्यायचा. जमलं तर ‘आहे’, नाही जमलं तर ‘नाही’.

पण गोम इथेच आहे. आपण दार वाजवलं, कुणी उघडलं नाही, म्हणून घरात कुणी नाही असं ठरवलं. आणि बेलच बंद असेल तर?

नेमकं हेच २०२० मध्ये मॅकवर झालं. एक्सकोड १२ पासून ॲपलचा कंपायलर, घोषणा न करता वापरलेलं फंक्शन ही थेट चूक मानू लागला. जुन्या चाचण्यांमध्ये अशा ढिलाया भरपूर होत्या. त्या फसू लागल्या, आणि यंत्रात असलेल्या सोयीही ‘नाही’ ठरल्या. बांधणी मात्र अनेकदा निमूट पुढे जायची.

२०२४ मध्ये तर याच खाचेचा मुद्दाम गैरवापर झाला. ‘एक्सझेड’ या प्रकल्पात, प्रोग्रॅमला कुंपणात ठेवणारी लिनक्सची ‘लँडलॉक’ सोय तपासणाऱ्या सीमेकच्या चाचणीत एक फुटकळ टिंब घुसवलेलं सापडलं. त्या टिंबामुळे चाचणी कधीच कंपाइल होत नव्हती. म्हणून उत्तर कायम ‘नाही’, आणि कुंपण कायम बंद. त्याच प्रकल्पातलं मोठं चोरदार तर बांधणीच्याच एका एम४ फाइलमधून आत येत होतं, आणि ती घातक फाइल प्रकाशित संचात होती, सार्वजनिक कोडसाठ्यात नव्हती. अँड्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून ते उघडकीला आलं.

मग आपण काय करायचं? ऑटोकॉन्फ प्रत्येक चाचणीचा जबाब ‘कॉन्फिग डॉट लॉग’ या फाइलमध्ये लिहून ठेवतं: फसलेला छोटा प्रोग्रॅम आणि कंपायलरची तक्रार, दोन्ही. तिथे जाऊन ती तक्रार वाचायची. ‘फंक्शन सापडलं नाही’ असं असेल तर ‘नाही’ खरं. पण व्याकरणाची किंवा घोषणेची चूक दिसली, तर दोष यंत्राचा नाही, प्रश्नाचाच आहे. अशा वेळी आधी प्रश्न दुरुस्त करायचा आणि मगच उत्तरावर विश्वास ठेवायचा.